साडूंच्या बॉलमधली हवा

बॉललाही ऊन लागतं आणि थंडी वाजते, यावर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या विदर्भात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, याला माझं नशीब म्हणायचं. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान पांढरकवड्याला सरकारी कचेरीत बाबू होते. निवृत्त झाल्यावर कचेरीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बोलायचे ते व्हॉलीबॉलबद्दल, आणि त्यातही खेळापेक्षा बॉलमधल्या हवेबद्दलच जास्त.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो ऐन मे महिन्यात. नवा जावई म्हटल्यावर कूलरसमोरची जागा आपलीच, अशा समजुतीने बसायला गेलो, तर तिथे पाटावर व्हॉलीबॉल विराजमान. "साडूभाऊ, जरा तिकडं सरका," ते म्हणाले, "बॉलले हवा लागून नाही राह्यली." मी घामाने निथळत सरकलो. उन्हात आतली हवा फुगते आणि बॉलचा दगड होतो, म्हणून त्याला दुपारभर गारव्यात ठेवायचं, असं त्यांचं शास्त्र होतं. शास्त्र ठीकच होतं हो, पण गार झालेला बॉल अंगठ्याने दाबून पाहिला तर तो त्यांना मऊ लागला, आणि तिथेच कूलरसमोर मांडी घालून त्यांनी पंपाने तो टम्म भरला. संध्याकाळी शाळेच्या तापलेल्या मैदानावर त्या हवेने आपले गुण दाखवले. साडूंनी मारलेला पहिलाच फटका जमिनीवर आपटून असा उसळला की कुंपण ओलांडून, ढाब्यावरून निघालेल्या ट्रकच्या ताडपत्रीवर जाऊन बसला. ट्रक हैदराबादच्या दिशेने निघाला आणि मागोमाग स्कूटरवर आमचे साडू. बऱ्याच वेळाने बॉल पोटाशी धरून परत आले, ते धापा टाकतच. "ड्रायव्हर चांगला होता," म्हणाले, "पण बॉल ताडपत्रीवर लय तापला." त्या दिवसापासून आधी बॉल मैदानावरच्या कडुनिंबाखाली निवांत पडू द्यायचा आणि मगच हवा भरायची, असा दंडक झाला.

हिवाळ्यात सगळं उलटं. पहाटे बॉल नरम लागला म्हणून कोणी पंपाला हात घातला की हे कडाडत, "हवा कुठं गेली नाही, थंडीनं आकसून बसली हाय. आता भरसाल तर दुपारी कडक होईन." मग बॉल अंगणातल्या उन्हात खुर्चीवर बसायचा, वरून ताईची शाल. "एवढ्या वर्षांत मले नाही इचारलं कधी, थंडी वाजते का म्हणून," ताई म्हणायची. "तुयी हवा कधी कमी होते?" असं हे तोंड वर करून सांगायचे, आणि ताई हसत हसत बॉलसाठी दुसरी शाल शोधायची. बॉल मात्र टणकच हवा. टप्प्याचा आवाज हायवेवरच्या ट्रकवाल्याला ऐकू गेला पाहिजे, अशी त्यांची अट.

ताई गेली. लेक पुण्याला. मैदानावरचे गडीही एकेक करून कमी झाले. कोणी मुलाकडे नागपूरला गेला, कोणाचे गुडघे गेले. दोन्ही बाजूंना माणसं पुरेनात, तेव्हा त्यांनी जाळं खाली घेतलं, मैदान अर्धं केलं. यंदाच्या जानेवारीत मी गेलो तेव्हा एक कंपाउंडरच काय तो उरला होता, तोही आला तर आला.

संध्याकाळी मी सोबत मैदानावर गेलो. जाळं बांधून झालं. मी सहज बॉल दाबला, तर अंगठा आत गेला. मला चेव आला. "भाऊ, हवा आकसून बसली वाटतं," म्हणत मी पंप उचलला.

"राहू द्या," ते म्हणाले. "मीच कमी भरली."

"काहून?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

"कडक बॉलनं कंपाउंडरचं मनगट दुखते. दुखलं का मंग तो चार दिवस येत नाही." ते रस्त्याकडे बघत होते. "मऊच बरा."

 मी पंप ठेवून दिला.

कंपाउंडर आला नाही. मैदानावर गारठा उतरला, पलीकडे ट्रकचे दिवे लागले. शेवटी ते म्हणाले, "तुमीच मारा एखादा." मी जन्मात व्हॉलीबॉल खेळलो नव्हतो. मारला, तो जाळ्याच्याही अलीकडे भद्दकन पडला. साडू लगबगीने गेले, वाकून तो उचलला, बाहीने पुसला आणि परत माझ्या हातात दिला. असं अंधार पडेपर्यंत चाललं.

"मनगट दुखलं नाही ना?" जाळं सोडताना त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग उद्याचा दिवस थांबून जा."

सकाळच्या गाडीने मला यवतमाळला परतायचं होतं. "थांबतो," मी म्हणालो.