गायीच्या पायातला स्कार्फ

माझ्या सायकलचं मागचं मडगार्ड फार खडखडायचं. मी गल्लीत शिरलो की आईला चहाचं आधण ठेवायची वेळ कळायची, एवढाच त्याचा उपयोग. एका संध्याकाळी गोठ्यात थोरल्या गायीच्या पायाला लाल चिंधी बांधलेली दिसली. चांगली लांब, मऊ आणि फुकटची. मी ती सोडली आणि मडगार्ड आवळून टाकलं. खडखड थांबली. पुढचा सगळा गोंधळ त्या शांततेतून निघाला.

चिंधी वहिनीने बांधलेली होती. वहिनी जनावरांची डॉक्टर. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात दागिन्यांपेक्षा गमबूट जास्त जपलेले होते. आई ते दाराबाहेर ठेवायची, वहिनी धुऊन पुन्हा आत आणायची. शेवटी आईच थकली. वहिनी गायीला म्हणते, "जरा पाय उचला बाई". मला हाक मारते, "ए बैला". कासेला हात लावायच्या आधी तळवे काखेत धरून गरम करते. जनावराची पाण्याची टाकी शेवाळलेली असली, तर मालक ती घासून काढेपर्यंत औषधाची पेटी उघडत नाही. शेजारच्या मिशीवाल्या काकांना तिने अशीच टाकी घासायला लावली, तेव्हापासून ते तिला लांबूनच नमस्कार करतात.

रोज सकाळी ती दूध तपासायला संकलन केंद्रावर असते. आजारी गायीला सुई टोचली की औषध काही दिवस दुधात उतरतं, म्हणून तोवर ते दूध कॅनमध्ये घालायचं नाही. विसर पडू नये म्हणून गायीच्या पायाला लाल पट्टी. तिच्याकडच्या पट्ट्या लोकांच्या गोठ्यांत वाटून संपल्या आणि नेमकी घरच्या गायीची कास सुजली. तेव्हा सुई टोचल्यावर तिने स्वतःचा आवडता स्कार्फ टरकावला. आई त्या वेळी मावशीकडे गेलेली. ती रात्री सगळे झोपल्यावर परतली, पहाटे धार काढायला बसली, गायीचा पाय मोकळा दिसला. दूध गेलं कॅनमध्ये.

कॅन घेऊन मीच केंद्रावर गेलो. ऐटीत, जराही आवाज न करता. वहिनीची नजर थेट मडगार्डवर.

"ही पट्टी कुठनं आणलीस?"

"पायाला होती. खडखडत होतं म्हणून..."

"गाय?"

"मडगार्ड."

टँकरच्या ड्रायव्हरने हळूच सुचवलं की पोराला कॅनसकट घरी पाठवा, कुणाला कळणार आहे. शेजारी उभे असलेले काका दुसरीकडे बघत होते, पण त्यांची मिशी ऐकत होती. मागच्या महिन्यात दुधात औषध निघालं म्हणून वहिनीने त्यांचा कॅन परत केला होता आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने त्यांचं नाव लिहिलं होतं. तिने आमच्या दुधाचीही तशीच तपासणी लावली. औषध निघालं. दूध मागच्या खड्ड्यात गेलं आणि फळ्यावर नाव चढलं, आईचं. काकांनी ते सावकाश वाचलं आणि त्या दिवशी वहिनीला पहिल्यांदा जवळून नमस्कार केला.

आईचा कॅन आजवर कधी परत आला नव्हता. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला हे ऐकावं लागायचं. दुपारी ती केंद्रावर निघाली. मी मागोमाग, पायी. सायकल लपवून ठेवली होती.

वहिनीने डस्टर पुढे केलं. "पुसायचं असेल तर पुसा, आई. पण मग सगळ्यांचीच नावं पुसावी लागतील. आणि उद्या मी कुणाचा कॅन अडवला, तर तो माझं का ऐकेल?"

आईने फळ्याजवळ जाऊन आपलं नाव निरखून वाचलं. मला वाटलं, आता घरात दोन चुली होणार.

"अक्षर तरी नीट काढायचंस," ती म्हणाली. मग खडू घेतला आणि आपल्या नावाखाली माझं नाव लिहिलं. माझं जास्त ठसठशीत.

संध्याकाळी मी मडगार्डची चिंधी सोडली आणि स्कार्फचा उरलेला तुकडा वहिनीने गायीच्या पायाला बांधला. गाय हलू नये म्हणून आई तिची मान खाजवत बसली होती. मी तिथल्या तिथे कबूल केलं की नवा स्कार्फ आणून देतो, अगदी तसाच.

आता गाय बरी आहे, तिचं दूध पुन्हा कॅनमध्ये जातं, आणि मडगार्ड पूर्वीसारखंच वाजतं. ते गल्लीत ऐकू आलं की आई आधण ठेवते आणि वहिनी मोकळ्या गळ्यावरून हात फिरवत म्हणते, "फार गार वारा सुटलाय, नाही रे?"

भर उन्हाळ्यातसुद्धा.