धुळे पॅसेंजरचे फोटो

मी नऊ वर्षं धुळ्याहून चाळीसगावला शाळेत गणित शिकवायला जात होते. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने यायचं. पुढे धुळ्यातच बदली झाली आणि गाडीची गरज संपली, पण सवय गेली नाही. रविवारी मी कॅमेरा घेऊन स्टेशनवर जायला लागले. धुळ्याला रूळ संपतात. इंजिन सुटं होऊन शेजारच्या रुळावरून वळसा घालतं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला येऊन जोडलं जातं. ते बघण्याचा मला कधी कंटाळा आला नाही. कोणत्या दिवशी कोणतं इंजिन आलं, किती वाजता आलं, हे मी एका वहीत लिहून ठेवत असे.

मग मार्गावर विजेचे खांब उभे राहू लागले. डिझेल इंजिन जाणार, विजेची गाडी येणार, हे नक्की झालं. मी ठरवलं की डिझेल आहे तोवर या मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनवर त्याचा एक तरी चांगला फोटो काढायचा.

तिसऱ्याच रविवारी एका लहान स्टेशनवर मला धरलं. तिथे फलाट संपतो आणि पुढे कपाशीची शेतं लागतात. समोरून येणारं इंजिन आणि मागे पांढरी कपाशी असा फोटो मला हवा होता. फलाटावरून तो चौकटीत बसेना, म्हणून मी उतार उतरून रुळाच्या खडीवर गेले. फोटो छान आला. वळले तर रेल्वे पोलिसांतला एक शिपाई मागे उभा.

"मॅडम, चला."

"कुठे?"

"साहेबांकडे."

त्याचे साहेब त्या दिवशी तपासणीला आलेले होते. स्टेशनमास्तरांच्या खोलीशेजारी एक खोली होती, तिथे टेबलावर त्यांनी माझा कॅमेरा ठेवला आणि वही उघडली. पानं उलटत ते गंभीर होत गेले. मला ती वही माझ्या हौसेची वाटायची. त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना पहिल्यांदा कळलं की परक्या माणसाला त्यात काय दिसेल: गाड्यांच्या वेळा, इंजिनांचे नंबर, दोन गाड्यांचं क्रॉसिंग कुठे होतं त्याच्या नोंदी.

"हे कोणासाठी लिहिता?"

"माझ्यासाठी."

"पत्रकार आहात?"

"नाही. शिक्षिका."

"मोबाइलवर चॅनल वगैरे?"

"नाही."

"मग कशासाठी?"

"आवडतं म्हणून."

त्यांनी वही मिटली. "मिस्टरांना फोन लावा. त्यांना येऊन घेऊन जाऊ दे."

तोवर मी घाबरलेलेच होते. पण हे ऐकलं आणि भीती कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, "फोटो मी काढलेत. विचारायचं ते मला विचारा. त्यांना मी बोलावणार नाही."

त्यांनी वही आणि कॅमेरा आपल्याकडेच ठेवला. मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं. साडेअकरापासून दोनपर्यंत मी बसून होते. त्या स्टेशनवर एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा विकते. गाडीत मी कित्येकदा तिच्याकडून शेंगा घेतल्या आहेत. मला का बसवून ठेवलं म्हणून विचारत ती शिपायापुढे उभी राहिली.

"काबर बसाडी ठेवं रे भाऊ इले? शाळानी मास्तरीण शे ही. नऊ वरीस इले मी गाडीमा देखेल शे."

शिपाई म्हणाला, "अक्का, तुम्ही जा. साहेबांचं काम आहे."

ती गेली नाही. टोपली घेऊन माझ्या बाकावरच बसली.

दोन वाजता साहेबांनी आत बोलावलं. आवाज आता नरम होता. "मॅडम, तुम्ही सभ्य घरच्या दिसता. पण उद्या इथे काही घडलं तर मला विचारणार, ही बाई रुळात फिरत होती तेव्हा तू काय करत होतास? तुम्ही खडीवर होतात की नाही?"

"होते," मी म्हटलं. ते खोटं सांगता येत नव्हतं.

त्यांनी माझ्यासमोर सगळे फोटो पुसले. तीन रविवारांचे. कपाशीतलाही. मग माझ्याकडून लिहून घेतलं की परवानगीशिवाय पुन्हा फोटो काढणार नाही.

मी विचारलं, "परवानगी कुठे मिळते?"

त्यांना ते अपेक्षित नसावं. "भुसावळला. पण अशी कोणी मागत नाही."

घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "सोड आता. कोणी सांगितलाय हा त्रास?" शाळेत तर सोमवारी बातमी माझ्याआधी पोचली होती. एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्हाला म्हणे आत टाकणार होते." सगळे हसले, मीही हसले, आणि त्याच आठवड्यात रजा टाकून भुसावळला गेले.

रेल्वेच्या तिथल्या विभागीय कार्यालयात परवानगीचा अर्ज होता, पण तो सिनेमावाल्यांसाठी. चित्रपटाचं नाव, निर्मात्याचं नाव, कलाकारांची संख्या. मी प्रत्येक रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. अर्ज परत आला. दुसऱ्यांदा साध्या कागदावर लिहून नेला, तर सही करणारे साहेब दौऱ्यावर. तिसऱ्यांदा तिथले एक जुने कारकून भेटले, सगळे त्यांना नाना म्हणत. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी अर्ज वाचला आणि मला बसायला सांगितलं.

"इंजिनांचे फोटो कशाला हवेत, ते यात लिहिलंच नाही तुम्ही."

"लिहिलं तर कोणी मानत नाही."

"लिहा. खरं ते लिहा. मी वर पाठवतो."

मी तिथेच बसून पाऊण पान लिहिलं. नऊ वर्षांचा प्रवास, धुळ्याला वळसा घालणारं इंजिन, आणि खडीवर उतरले होते हेही. चौथ्या फेरीला परवानगी हातात पडली. फक्त फलाटावरून, ओळखपत्र जवळ ठेवून, एक महिना. डिझेलचे तेव्हा जेमतेम दहा दिवस उरले होते.

सगळ्यांत आधी मी त्याच लहान स्टेशनवर गेले. तोच शिपाई होता. त्याने कागद दोनदा वाचला, स्टेशनमास्तरांना दाखवून आणला आणि म्हणाला, "काढा. पण फलाट सोडू नका, ताई."

"नाही सोडणार."

कपाशी तोवर वेचून झाली होती. शेतात नुसत्या काटक्या उभ्या होत्या. फलाटाच्या टोकाला मी गुडघ्यावर बसले आणि गाडीची वाट पाहिली. इंजिन आलं, धूर तिरपा शेतावर गेला. पहिल्यासारखा फोटो आला नाही, तो येणारच नव्हता. पण हा कोणी पुसणार नव्हता.

दहा दिवसांत शाळा सांभाळून मी मार्गावरची सगळी स्टेशनं पुरी केली. दोन ठिकाणी मला पुन्हा हटकलं. दोन्ही वेळा कागद दाखवला, उभी राहिले, त्यांचं वाचून होईपर्यंत थांबले. शेवटच्या दिवशी धुळ्याला इंजिन सुटं झालं, तेव्हा ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "आम्हाला पाठवाल का एखादा?" मी त्यांचा नंबर वहीत लिहून घेतला आणि त्याच संध्याकाळी सगळे फोटो पाठवले.