नवा स्कोप निवडताना

आमच्या भोसरीच्या गाळ्यात चाकणच्या कारखान्यांतल्या मशिनांची बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्तीला येतात. तपासायचं काम ह्यांचं, सोल्डरिंग माझं. सिग्नल कुठे बिघडलाय ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेघेत उमटतं, आणि ती रेघ वाचण्यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या एमआयडीसीत नव्हता. हे मी बायको म्हणून म्हणत नाही. बायको म्हणून मला त्यांचं कौतुक करायची सवयच नाही.

मग ह्यांचा मधुमेह डोळ्यांवर गेला. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवायचा प्रयत्न करू. हे बाहेर येऊन मला म्हणाले, "बघ, टिकेल म्हणतायत," आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यात हजर. चिखलीच्या घरून येताना गाडी मला चालवायला द्यायला लागले, कारण म्हणे ट्रॅफिक वाढलंय. कार्डावरचे आकडे भिंगातून बघत कंपन्यांना शिव्या घालायचे, की हल्ली मेले छापतातच बारीक. आणि स्कोपवरची रेघ पुसट दिसायला लागली, तेव्हा दोष आमच्या जुन्या स्कोपच्या माथी मारला. "ह्याच्या पडद्याची ट्यूब गेलीय. नवा घ्यायला पाहिजे."

मी लगेच कामाला लागले, चार ठिकाणी फोन केले. ट्यूब जुनी होती हे खरंच होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; आम्हा दोघांना ती ट्यूब पुरली. नवा स्कोप आला की ह्यांना पूर्वीसारखं दिसेल आणि काम हातातून जाणार नाही, असं मीही मनाशी धरून बसले होते.

विक्रेत्यांचा माणूस दाखवायला दोन स्कोप घेऊन आला. एकाचा पडदा लहान, पण मेमरी दांडगी. क्षणभर येऊन जाणारा बिघाडसुद्धा पकडून ठेवणारा. दुसऱ्याचा पडदा मोठा, झगझगीत, बाकी सगळं बेताचं. आमच्या कामाला पहिलाच बरा, हे शेंबडं पोरही सांगेल. आजूबाजूचे गाळेवाले सल्ला मागायला आले की हे स्वतःच म्हणायचे, "पडदा काय बघतो राव, टीव्ही घ्यायचाय का?" त्या दिवशी मात्र त्यांनी लहानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मोठा लावा," म्हणाले.

नवा स्कोप लावला की आधी प्रोब जुळवायचा. प्रोब म्हणजे कार्डाला टेकवायची पिन. तिला एक बारीक स्क्रू असतो. स्कोप स्वतःच पडद्यावर एक चौकोनी लहर देतो, तिचा माथा सपाट होईपर्यंत तो स्क्रू फिरवायचा. तिथे चुकलं तर पुढचं सगळं मोजमाप खोटं. प्रोब न जुळवता कुणी मोजायला बसलं, तर हे त्याच्या हातातून तो काढूनच घ्यायचे.

ह्यांनी स्क्रू फिरवला. चौकोनाचे कोपरे आधी गोल होते. आणखी फिरवल्यावर त्यांना शिंगं फुटली. आणि तिथेच थांबून, पेचकस खाली ठेवून हे समाधानानं म्हणाले, "झाला सपाट. बघ, किती स्वच्छ दिसतंय."

ती शिंगं मला दारातूनही दिसली असती. विक्रेत्यांच्या माणसाचा हात पेचकसाकडे गेला. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचाऱ्यानं हात मागे घेतला आणि बॅगेची चेन उघड-बंद करत राहिला.

"सपाट आहे ना?" ह्यांनी मला विचारलं.

"हो."

शेजारच्या गाळ्यातली प्रेस धाडधाड चालू होती.

"तू खोटं बोलतेस ना, तेव्हा 'हो' फार पटकन म्हणतेस," ते म्हणाले. "एरवी माझं म्हणणं पहिल्या फटक्यात कधी मान्य केलंयस?"

एरवी ह्यावर मी दोन शब्द सुनावले असते. तेव्हा पडद्याकडेच बघितलं.

"कोपरे वर गेलेत," मी कसंबसं म्हटलं.

"जास्त?"

"जास्त."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याला नाक लावून पाहिलं. मग पुन्हा एकदा चष्मा पुसला. संसारात मी ह्यांच्यावर काही कमी चिडले नाही, पण त्या वेळी मला देवाचा, डॉक्टरांचा, त्या झगझगीत पडद्याचा, सगळ्यांचाच संताप आला. न्यायचंच होतं तर ह्या माणसाचं दुसरं काहीही न्यायचं होतं. गाणं न्यायचं, नाहीतरी बेसूरच गातात. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं आणि परक्या माणसासमोर रडता येत नव्हतं.

त्या माणसानं हळूच विचारलं, "सर, मग हाच ठेवू ना?"

हे उठले. स्वतःची खुर्ची चाचपून मागे ओढली आणि माझ्याकडे वळवली.

"नको," म्हणाले. "तो लहान पडद्याचा द्या. हिचे डोळे चांगले आहेत."