गाभण गाईची चौकट

“पोट सुटलं म्हणून माणसाला भिंतीशी दाबून स्क्रू मारतात का, बाई?” गुण्यानं विचारलं आणि स्वतःच्याच पोटावर थाप मारली. “मग आधी मला मारा. माझं तिच्यापेक्षा जास्त सुटलंय.”

चित्रकारबाई हसल्या नाहीत. त्यांची गाय दुकानात भिंतीला टेकून उभी होती. सात फूट लांब, पाच फूट उंच. चार जाड आडव्या फळ्या एकीला एक चिकटवून केलेला तक्ता आणि त्यावर रंगवलेली, गोठ्याच्या दारात उभी असलेली, दिवस भरलेली गाय. टेम्पोतून उतरवताना चार गडी लागले होते. चार वर्षं बाई हिच्यामागं होत्या. शेवटचा हात फिरवला आणि महिन्याभरात लाकडानं बाक धरला. वरची-खालची कड होती तिथंच, मधला भाग मात्र बोटभर पुढं आला.

“मागनं दोन उभ्या पट्ट्या घट्ट मारा, होईल सरळ,” बाई म्हणाल्या. “आठ दिवसांनी प्रदर्शन आहे. हॉलवाल्यांना सपाट हवंय. कोपऱ्यावरचा चौकटींचा मशीनवाला एका दिवसात देतो म्हणाला.”

“देईल की. आज सपाट देईल, उन्हाळ्यात दोन तुकडे देईल.”

मागच्या बाजूला गुण्याची बायको चौकटींना पॉलिश मारत बसलेली. तिथनंच ती म्हणाली, “गाभण आहे हो ती. सपाट कशानं होईल?”

गुण्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार म्हणजे गुण्या. हा माणूस ते कायम पाठीमागं कमरेला खोचून हिंडायचा, म्हणून नाव पडलं. लग्न ठरवायला गेला तेव्हा सासऱ्याच्या घरातलं टेबल यानं गुण्या लावून बघितलं होतं आणि “कोपरा अर्धं सूत बाहेर आहे” असं तोंडावर सांगितलं होतं. तरी सासऱ्यानं पोरगी दिली. बापाचा धंदा दारं-खिडक्यांचा. मोठ्या चित्रांच्या चौकटी यानं स्वतःच्या हिकमतीवर सुरू केल्या आणि त्यात याचा हात असा बसला, की कोपऱ्याचा जोड नखाला लागत नसे.

त्याच्या कामाच्या बाकामागं भिंतीला एक जुनं चित्र टांगलेलं असायचं. लाकडावर रंगवलेला एका म्हातारीचा चेहरा आणि नाकावरनं या कानापासून त्या कानापर्यंत आरपार चीर. तिला सगळे ‘आत्या’ म्हणत. कुणी गिऱ्हाईक चित्र घट्ट बसवा म्हणून हट्ट धरू लागलं, की गुण्या आत्याकडं बोट दाखवायचा. “एका येड्यानं मागनं पट्ट्या मारल्या. बघा काय झालं.” बहुतेकांना तेवढं पुरायचं.

आजही त्यानं बोट वर केलं.

“माहितीये,” बाई म्हणाल्या. “वीस वर्षं ऐकतेय. पण ते कुणा अडाण्याचं काम, तुम्हीच सांगता. मशीनवाला शिकलेला आहे. मापात करेल.” त्यांनी पिशवीतनं फोन काढला. “टेम्पोला परत बोलावते.”

गुण्याचं बोट तसंच वर राहिलं. मागं पॉलिशचा बोळा थांबला.

“बाई, थांबा. तो येडा मी.”

बाईंनी कानाकडं नेलेला फोन खाली घेतला.

“मीच मारल्या त्या पट्ट्या. आणि मापात मारल्या. तीनदा गुण्या लावला, सरसानं चिकटवल्या, वर स्क्रू आवळले. आयुष्यात तसं नेटकं काम पुन्हा झालं नाही. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. त्याला हलायला मी सूतभर जागा ठेवली नाही. ज्याची ती आत्या, तो माणूस चिरलेलं चित्र या बाकावर ठेवून निघून गेला. शिवीसुद्धा दिली नाही. काम ढिसाळ असतं तर वाचली असती ती.” त्यानं गाईच्या पोटावरनं हात न टेकवता आडवी रेघ ओढली. “हिला आवळली, तर चीर इथनं जाईल. वासरासकट.”

बाई आत्याजवळ गेल्या. चष्मा वर करून त्यांनी ती चीर निरखली. कितीतरी वेळ.

“वीस वर्षं मला खोटं सांगितलंत?”

“मला कुठं खरं सांगितलं होतं?” बायको म्हणाली. “मला सासूबाईंकडनं कळलं.”

बाईंना हसू आलं, पण फोन त्यांनी पिशवीत टाकला नाही. “मग करणार काय तुम्ही?”

“चित्राला हात लावणार नाही. चौकट वाकडी करणार.” तो समजावू लागला. समोरनं चौकट सरळच दिसेल. पण डाव्या-उजव्या लाकडांत आतली खाच गाईच्या बाकाप्रमाणं कोरायची. सगळं वजन खाली दोन ठोकळ्यांवर घ्यायचं, ठोकळ्यांवर लोकरीचा जाड नमदा. वरच्या बाजूला नुसत्या पोलादी पट्ट्या, लवणाऱ्या. “भार खालनं घ्यायचा, वरनं फक्त हात धरायचा. तिला हलावंसं वाटलं तर हलू दे.”

“आणि अजून फुगली तर?”

“पुढंमागं जागा सोडतो. आठवा दिवस नाही उजाडू देत, सहाव्याला घेऊन जा.”

बाईंनी नंबर लावला. तो टेम्पोवाल्याचा नव्हता. “हॉल का? हो, सात बाय पाच. नाही, सपाट नाही मिळणार. पोट दिसेल. अहो, गाभण आहे ती, दिसायलाच पाहिजे!” आणि पलीकडचा काही बोलायच्या आत फोन ठेवून त्या पायऱ्या उतरल्या.

गुण्यानं पुठ्ठा आणला. बायकोनं तो गाईच्या कडेला उभा धरला आणि त्यानं पेन्सिलीनं तिचा बाक उतरवून घेतला. पुठ्ठा कापला, लाकडावर ठेवला, आणि सवयीनं त्याचा हात पाठीमागं गेला.

“अहो, ठेवा तो,” बायको म्हणाली. “त्याचं काम नाही आज.”

“हात जातोच गं.” त्यानं गुण्या काढून आत्याशेजारच्या खिळ्याला अडकवला, गोल बुडाचा रंधा घेतला आणि पहिली साल काढली. ती बोटांत धरून उजेडाकडं बघितली, फुंकून टाकली आणि दुसरी काढायला वाकला.