माहुलीपल्याडची दवंडी

माहुलीच्या डोंगरामागं एक राज्य होतं आणि तिथं कधीच काही वाईट घडत नसे. असं तिथला दवंडीवाला सांगायचा. दवंडीवाला म्हणजे माझा दादा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अंगानं काडी, पण पत्र्याचा डबा बडवत 'ऐका हो ऐका' म्हणायला लागला की शेजारची कुत्री उठून बसायची.

आमचं गाव आटगाव स्टेशनपासून आत, चालत जाण्याइतकं. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात आत्याचा मुलगा मुंबईहून आला तो एका इंग्रजी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स घेऊन. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून ठरवायचं, असा तो खेळ. पुस्तकात राक्षस होते, बुटके होते, जादूगार होते आणि वीस बाजूंचा फासा होता. फासा त्याच्याकडेही नव्हता. थोड्याच दिवसांत त्याला गावचा कंटाळा आला, तो झेरॉक्स घेऊन परत गेला आणि खेळ मात्र आमच्याकडे राहिला.

फाशाऐवजी आम्ही चिंचोके घेतले. मधोमध फोडलेले, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पाच टाकायचे. पांढरे जास्त पडले तर काम फत्ते, नाहीतर बसा बोंबलत. राक्षस-जादूगारांचं आम्हाला काही जमलं नाही. दादा जग सांगायचा. मी सुकट विकणारी बाई झाले, कारण सुकटवालीला कुठल्याच दारात कोणी अडवत नाही आणि तिला गावभरच्या बातम्या कळतात. तिसरी होती ओढ्यापलीकडच्या पाड्यावरची माझी मैत्रीण. तिचा आजा भगत, म्हणून ती भगतीण. तेवढी तीनच माणसं आम्ही, पण पडवीत बसलो की राज्य भरून जायचं.

त्या राज्याचे महाराज कोणी पाहिलेले नव्हते. महाराजांच्या वतीनं दवंडीवाला रोज सांगायचा, सगळं आलबेल आहे. विहीर आटली तर दवंडी, 'पाणी विश्रांतीला गेलं आहे.' कोटाची भिंत पडली तर, 'महाराजांनी वाऱ्यासाठी खिडकी काढली आहे.' कोणी गावातून नाहीसा झाला तर, 'तो महाराजांच्या कामावर गेला आहे, खुशीत आहे.' आम्ही हसून हसून लोळायचो. पण खरं काय ते शोधून काढायचं म्हणजे घाम निघायचा. सगळ्या प्रजेच्या तोंडून तोच बोलायचा, आणि तिला पढवून ठेवायचा. मी सुकटीची पाटी घेऊन दारोदार फिरायची आणि जो तो मला म्हणायचा, 'झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी, तुमी सुकट विका.' मला इतका राग यायचा की एकदा मी दादाला खरंच चावले होते.

दिवाळीनंतर भात झोडून झालं की मैत्रिणीच्या घरचे वीटभट्टीवर जायचे, ते पार पावसाच्या तोंडावर परत. ती नसताना दादा डबा वाजवून सांगायचा, भगतीण महाराजांच्या कामावर गेली आहे, खुशीत आहे. ती आली की मी तिला हे सांगायची. एका वर्षी ती हसली नाही. दादाला म्हणाली, "खुशीत हाय ह्ये तुला कोनी सांगलं?" मग तिनंच नियम काढला. तिचा आजा अंगात आलेल्याला एकच गोष्ट तीनदा विचारायचा. पहिल्या दोन वेळा ते काहीबाही बोलतं, तिसऱ्यांदा त्याला खरं बोलावंच लागतं. तर दवंडीवाल्यालाही तोच नियम. एकच प्रश्न तीनदा विचारला की त्यानं खरं सांगायचं, मग राज्य बुडालं तरी चालेल.

दादाला नियम आवडला नव्हता, पण त्यानं तो पाळला. बाकी सगळीकडे लबाडी करायचा, चिंचोके पालथे करायचा, पण तिसऱ्यांदा विचारलं की डबा खाली ठेवायचा आणि खरं सांगायचा. एवढं त्याचं मानलं पाहिजे.

आमचे बाबा शहापूरला भातगिरणीत कामाला होते. पाळी करून आले की अंगावरचा कोंडा झटकून पडवीतल्या बाजेवर आडवे व्हायचे, तोंडावर टॉवेल टाकून. आम्हाला वाटायचं झोपलेत. आम्ही आपले खेळत राहायचो.

एकदा मी खूप दिवस खटपट करून, प्रधानाच्या बायकोला फुकट सुकट चारून, राजवाड्याच्या आतल्या दारापर्यंत, दवंडीवाल्यापुढं पोचले. विचारलं, "महाराज कुठं आहेत?"

"महाराज शिकारीला गेलेत."

"महाराज कुठं आहेत?"

"महाराज दमलेत. जरा आडवे झालेत."

मी थांबले. का थांबले ते आजही नीट सांगता येत नाही. दादाचा चेहरा बघून असेल. तेवढ्यात टॉवेलाखालून बाबांचा आवाज आला, "विचार की गो तिसऱ्यांदा. इथवर येऊन भ्यालीस काय?"

मी विचारलं. दादानं डबा खाली ठेवला. म्हणाला, "महाराज नाहीत. मागच्या पावसाळ्यातच गेले."

"मग एवढे दिवस दवंडी?"

"मीच देतो. लोकांना कळलं तर भात कोण लावील?"

मला रडू फुटलं. ज्या महाराजांचा मी इतके दिवस उद्धार करत होते, त्यांच्यासाठी मी हमसून हमसून रडले आणि चिंचोके अंगणात भिरकावले. मैत्रीण घाबरून घरी पळाली. बाबांनी टॉवेल काढला, मला जवळ ओढलं, त्यांच्या बनियनला कोंड्याचा वास येत होता. म्हणाले, "खोटं राज्य गो ते, येडे. पण विचारलंस ते बरं केलंस. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं."

बाबा बोलले ते मला पटलं नाही. खेळ पुढं वर्षभर चालला असेल, पण मी दोनच वेळा विचारायची आणि पाटी उचलून पुढं जायची. मग मैत्रिणीचं लग्न ठरलं, दादाची बारावी आली, आणि राज्याचं काय झालं ते कोणी बघितलं नाही.

दोन हजारनंतर मी डी.एड.ला मुरबाडला गेले, मावशीकडे राहून. आमच्या घरात शिक्षक कोणी झालं नव्हतं. बाबांनी गिरणीत पेढे वाटले होते, अजून मी एक परीक्षाही दिलेली नसताना. मावशीकडे फोन होता. दर रविवारी दादा आटगाव स्टेशनजवळच्या बूथवरून फोन करायचा, आणि बाबा त्याच्या सायकलवर मागं बसून यायचे. "जेवतीस ना गो?" एवढंच विचारायचे. मग मागं लोकं थांबलीत म्हणून रिसीवर दादाकडं द्यायचे.

दुसऱ्या वर्षी बाबा बोलताना मध्येच खोकायला लागले. गिरणीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला खोकला असायचाच, असं मी धरून चालले. मग ते फोनवर यायचे बंद झाले. एका रविवारी दादा म्हणाला गिरणीत काम जास्त आहे. एका रविवारी म्हणाला पाहुणे आलेत. शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. वर्गावर घ्यायचे वार्षिक पाठ संपले होते, लेखी पेपर राहिले होते. आणि त्या रविवारी मी विचारलं, "बाबा कसे हायत?"

"बरे हायत की."

मावशी समोर बसून वाल सोलत होती. तिनं मान वर केली नाही, आणि ती कधी गप्प बसणारी बाई नव्हे. मी पुन्हा विचारलं, "दादा, बाबा कसे हायत?"

"दमलेत," दादा म्हणाला. "जरा आडवे झालेत."

त्याला ते शब्द आठवले होते की सहज तोंडात आले, मला माहीत नाही. मला मात्र आठवले. दादा फोन ठेवेना. बूथमधल्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, बाहेर कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. एकच प्रश्न, तोच, पुन्हा विचारायचा होता. जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "बरं. पेपर झाले की येते." तो म्हणाला, "ये."

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी आतल्या खोलीत पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. मावशीला म्हटलं, "सांग, अभ्यास करतेय." मावशीनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि तसं सांगितलं. मी पानावरची एकच ओळ वाचत राहिले. बालमानसशास्त्राचा पेपर होता, एवढं आठवतं.

आमच्याकडे वाईट बातमी सांगायची एक रीत आहे. माणूस गेलेला असो की जायच्या वाटेवर असो, सांगतात एकच, 'सिरीयस हाय, निघून या.' सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. ऐकणारा एस्टीत बसून एकदा रडून घेतो आणि दारात पोचला की जसं काही आत्ताच कळलं असं पुन्हा रडतो. कोणी कोणाला खोटारडं म्हणत नाही. शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तर फाटकाशी मावशी उभी, माझी पिशवी भरून घेऊन. म्हणाली, "चल गो. बाबा सिरीयस हायत."

किन्हवलीवरून जाणाऱ्या एस्टीत आम्ही बसलो. मावशी सगळी वाट माझा हात धरून होती आणि मी तिला काही विचारत नव्हते. ती शेवटी स्वतःच म्हणाली, "त्यांनीच सांगलं होतं, परीक्षेत घरचं रडगाणं नको." मी म्हटलं, "हो."

मी पोचले तेव्हा बाबा होते. एवढंच म्हणता येईल. ठाण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितल्याला बरेच दिवस झाले होते, आणि त्यातले बहुतेक दिवस ते चांगले बोलत होते, हे मला आईकडून नंतर कळलं. शेजाऱ्यांशी बोलत होते, दादाला कुठल्या शेतात काय लावायचं ते सांगत होते, आईची थट्टा करत होते. मी आले त्याच्या आदल्या दिवशी बोलणं बंद झालं. मी हाका मारल्या. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडं बघत होते की माझ्या मागच्या कुडाच्या भिंतीकडं, ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

मी पास झाले. डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत नोकरीही लागली. पोरांना मी सांगते, शंका आली तर पुन्हा पुन्हा विचारा, लाजू नका. सांगताना मला माझीच चीड येते.

दादावर मी बरीच वर्षं आतून राग धरून होते. घरी जायची, जेवायची, त्याच्या पोरीचे लाड करायची, पण मनात एकच, ह्यानं मला सांगितलं नाही. एकदा दिवाळीला पडवीत बसलो होतो. त्याची पोर अंगणात पत्र्याचा डबा बडवत होती आणि वहिनी तिच्यावर ओरडत होती. ते ऐकून माझा तोल गेला. म्हटलं, "दादा, बाबा बोलत होते तेव्हा तू मला का नाय बोलावलंस?"

त्यानं अंगणातल्या पोरीकडं बघितलं. मग म्हणाला, "आपण होऊन सांगायचं नाय, अशी बाबांनी शप्पथ घातली होती."

"शप्पथ. आणि मी विचारत होते ते?"

"दोनदा विचारलंस," दादा म्हणाला. "मी रिसीवर धरून उभा होतो. बूथवाला खेकसला तरी ठेवला नाय."

"मी तिसऱ्यांदा विचारलं असतं तर शप्पथ मोडली असतीस?"

"मोडायची कशाला? बाबाच म्हणले होते, तिनं तीनदा विचारलं तर सांग. मग लपवू नको, मग तिला घेऊनच ये."

मी त्याच्याकडं बघत राहिले. तो म्हणाला, "टॉवेल टाकून झोपायचे थोडेच ते. आपला सगळा खेळ त्यांना पाठ होता."

पोरीनं डबा टाकला आणि ती आत पळाली. दादा उठून तो डबा घेऊन आला आणि हातात धरूनच बसला.

"त्या रविवारी घरी आलो तर बाबांनी पयलं तेच विचारलं. किती वेळा विचारलं तिनं? मी म्हटलं, दोनदा. पुढच्या रविवारी मी सायकल काढली, तर मला थांबवलं, बाज पडवीत काढायला लावली, वाट दिसंल अशी. म्हणले, जा. आज विचारील ती."