आत्याच्या भाज्यांचं कॅलेंडर

रुबिनाभाभींचा फोन मी दोनदा कापला. मीरा रोड स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. "तुम्हाला फक्त आमचेच देव दिसतात का?" म्हणत एक काका अंगावर आले होते, आणि असला वाद मी अर्ध्यावर सोडत नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा भाभी म्हणाल्या, "बेटा, आंटी बाथरूम में गिर गई हैं. दरवाजा तोड़ना पड़ा. जल्दी आ." आंटी म्हणजे माझी सुमनआत्या, पप्पांची थोरली बहीण. नया नगरच्या कडेला एका जुन्या बिल्डिंगमध्ये, भाभींच्या समोरच्या खोलीत एकटी राहायची. रिक्षात बसले तरी पत्रकांचा गठ्ठा मांडीवरच होता. नाव होतं 'देवाला भूक नसते', मजकूर माझाच. आत एक चौकट होती... 'आमच्याच शहरातल्या एका वृद्ध महिलेने रोजचा नैवेद्य बंद केला आणि चुलीपासून तिची सुटका झाली!' शेवटचं उद्गारचिन्ह मी हट्टाने टाकलं होतं. ती वृद्ध महिला म्हणजे सुमनआत्या.

चौथ्या दिवशी ती गेली. मधल्या एका सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अंगावर मांसच नाहीये यांच्या. घरी जेवत काय होत्या?"

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. माझा देवावर विश्वास नव्हता, आजही नाही. 'बघा, नैवेद्य बंद केला म्हणून कोप झाला' असं लिहून हा लेख फॉरवर्ड करायची ज्यांना घाई झालीय, त्यांनी वाचणं इथेच थांबवावं. ती नैवेद्यामुळे गेली असंही मी म्हणणार नाही. वय होतं, बीपी होतं. पुरावा असल्याशिवाय बोलू नये हे आम्हीच चौकाचौकात सांगतो. माझ्याकडे पुरावा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

लहानपणी शाळा सुटली की मी आत्याकडे जेवायला जायची. आई-पप्पा दोघंही कामावर. आत्याला मूलबाळ नव्हतं, काका वसईला कंपनीत. साडेबाराला कुकरच्या तीन शिट्ट्या, मग आत्या देव्हाऱ्यासमोर पाण्याने चौकोन काढायची. त्यावर स्टीलची छोटी ताटली... डाळ-भात, भाजी, वितभर चपाती, वर तुळशीचं पान. ताटलीभोवती पाणी फिरवून हात जोडायची आणि त्या बोटभर पितळी बाळकृष्णाकडे चक्क पाठ करून बसायची. मलाही पाठ करायला लावायची. "कोणी जेवत असताना त्याच्या तोंडाकडे बघू नये, बाय." मी मान वळवून चोरून बघायची. भात तेवढाच. "आत्या, त्याने काहीच खाल्लं नाही!" "मग तू खा त्याच्या वाटणीचं, पण भाजी टाकायची नाही." दाखवायच्या आधी चाखायचं नाही हा तिचा नियम, त्यामुळे मीठ नेहमी अंदाजाने पडायचं. एखाद्या दिवशी आमटी खारट झाली की मी तोंड वाकडं करायची आणि ती म्हणायची, "त्याने नाही हो नावं ठेवली! तुझेच नखरे." आम्ही रत्नागिरीकडची माणसं, घरात मासे असायचेच. पण बांगडे आणले तरी आधी त्याची ताटली, मग तवा. आणि काल दोडका झाला तर आज दोडका चालायचा नाही. "त्याला कंटाळा येत नसेल काय?"

हा कंटाळा येऊ नये म्हणून तिचं कॅलेंडर होतं. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं, शेजारी दोऱ्याला पेन. आठवडा सुरू झाला की चौकोनांत ती भाज्या लिहून ठेवायची. घेवडा, लाल माठ, पडवळ, सुरण. बाजारात एखादी मिळाली नाही की त्या नावावर आडवी रेघ मारून खाली दुसरी लिहायची. काका गेले, मी कॉलेजात गेले, तिच्याकडचं माझं जेवण सुटलं, तरी रेघा आणि भाज्या चालूच होत्या. मी मात्र तोवर शिकून शहाणी झाले होते. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या गटात आले, पत्रकं लिहायला लागले, आणि आत्याशी प्रत्येक भेटीत भांडायला लागले. ती हरायची. खरं तर भांडायचीच नाही. म्हणायची, "तुझं बरोबर असंल गं पिंकी. तू शिकलेली." घराबाहेर कोणी मला पिंकी म्हटलेलं मला चालत नाही, पण तिच्यापुढे इलाज नव्हता.

होळीच्या आधीच्या रविवारी तिच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम झाला. आत्या ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. शेजारणीला सांगत होती, "ती बोलतेय ना, माझी भाची." भाषण रंगत नव्हतं. लोक मोबाईल बघत होते. तेव्हा मी तिच्याकडे बोट केलं. म्हटलं, "ही माझी सख्खी आत्या. रोज बोटभर पितळेला गरम चपाती वाढते आणि तो जेवताना लाजू नये म्हणून पाठ करून बसते!" मी पाठ करून दाखवलीसुद्धा. हॉल खदखदून हसला. आत्याही हसली, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, पटलं तिला.

दुसऱ्या आठवड्यात गेले तर साडेबारा वाजून गेले होते, ओटा कोरडा. देव्हाऱ्यात वाटीत चिमूटभर साखर. "बंद केलं?" मी ओरडलेच. "केलं," ती म्हणाली. मी तिला मिठी मारली. तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्यावर हसले त्याचं काय नाही गं. त्याच्यावर हसले... मग म्हटलं, कशाला त्याला सगळ्यांसमोर बसवा." हे मी कानांनी ऐकलं. ऐकून काय केलं? चौकट लिहिली. परवानगीसुद्धा विचारली नाही. छापून आल्यावर एक प्रत तिला नेऊन दिली, तर तिने ती घडी घालून भाभींना दिली. "मेरी भतीजी ने लिखा है." भाभींना मराठी वाचता येत नाही. तरी त्यांनी ती जपून ठेवलीय. मी परत मागितली, त्या म्हणाल्या, "नहीं. आंटी की दी हुई है."

एप्रिलच्या सुरुवातीला भाभी मला जिन्यात भेटल्या होत्या. म्हणाल्या, "आंटी का कुकर आजकल बजता नहीं. मैं तो उसी पे बच्चों को स्कूल के लिए निकालती थी, दुपहर की शिफ्ट है ना. तबियत ठीक है?" मी अभिमानाने सांगितलं, "भाभी, उन्होंने भगवान का खाना बंद कर दिया. छूट गईं." भाभींनी विचारलं, "अच्छा. तो फिर खुद क्या खाती हैं?"

'प्रश्न विचारा' असं आमच्या प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर छापलेलं असतं. प्रश्न भाभींनी विचारला. मी "अरे, खाती होंगी" म्हणत दोन-दोन पायऱ्या उतरून गेले, मला मीटिंगला उशीर होत होता.

ती काय खात होती ते मला ती गेल्यावर डबे आवरताना कळलं. चहा आणि बेकरीतले कडक बटर. बटरच्या रिकाम्या पिशव्या घड्या करून एका पिशवीत भरलेल्या. डाळीच्या डब्यात जाळी झालेली, तांदळात टोके. आणि खिळ्याला कॅलेंडर. जानेवारी भरलेला, फेब्रुवारी भरलेला. त्या रविवारपर्यंत चौकोनाचौकोनात भाज्या, रेघा, परत भाज्या. त्या रविवारनंतर मार्चभर काही नाही. पाडव्याच्या छापील गुढीखालीसुद्धा काही नाही. मी पुरावा पुरावा करत फिरणारी मुलगी, तो खिळ्याला टांगून माझी वाट बघत होता, आणि मधल्या काळात मी दोन वेळा त्याच स्वयंपाकघरात उभी राहून चहा प्यायले होते.

एकटीसाठी कोण पडवळ चिरतं? कोण काल दोडका झाला म्हणून आज घेवडा आणायला भाईंदरच्या बाजारापर्यंत जातं? बाईला स्वतःसाठी रांधायची सवयच कोणी लावलेली नसते, यावर मी तासभर बोलू शकते, बोललेही आहे. माझ्या आत्याला ती सवय नव्हती हे मला दिसलं नाही. ती त्याला वाढायची, म्हणून उरलेलं जेवायची. मी त्याला पाटावरून उठवलं. ठीक. पटलं नव्हतं तर उठवायचं. पण मग त्या पाटावर आठवड्यातून एकदा तरी मी जाऊन बसायला हवं होतं. तेवढंच काम होतं. पत्रक लिहिण्यापेक्षा सोपं.

ती खोली आता रिकामी केलीय. ताटली पप्पांनी नेली, बाळकृष्ण चुलत बहिणीने. मी कॅलेंडर घेतलं. माझ्या टेबलासमोर लावलंय, पान एप्रिलचंच आहे. सगळा महिना कोरा, फक्त तिसऱ्या रविवारी आत्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, 'भरली वांगी. पिंकी येणार.' त्या दिवशी सकाळी मी मेसेज टाकला होता, आज जमत नाही, पुढच्या रविवारी नक्की. भाभी म्हणतात, त्या दुपारी मात्र कुकर वाजला होता, आणि नंतर आंटी वांग्यांचं अख्खं पातेलं देऊन गेली. "बोलीं, अकेली के लिए क्या रखूँ."

ठरलेलं बदललं की आत्या त्यावर आडवी रेघ मारायची. मी तो चौकोन रोज बघते. त्यावर रेघ नाही.