मेपलची पानं आणि शेजारणीचा झाडू

आमच्या क्योतोत सकाळी जो तो आपल्या दारापुढचा रस्ता झाडतो. शेजाऱ्याच्या हद्दीत झाडू वीतभर गेला तर ती माया, त्यापुढे गेला तर टोमणा. हे कुणी शिकवत नाही, पण चुकणाऱ्याला गल्ली विसरत नाही.

तोकिकोबाई माझ्या समोरच्या बैठ्या घरात राहतात. लग्नाच्या वर्षी त्यांनी डोंगरावरून मेपलचं पंखवालं बी आणलं, कुंडीत रुजवलं आणि मग अंगणाच्या कोपऱ्यात लावलं. उन्हाळ्यात पश्चिमेच्या उन्हाने पानं करपू नयेत म्हणून त्या बाजूला बांबूचा पडदा बांधायच्या. हिवाळ्यात झाड झोपलं की शिडीवर बसून नको त्या काड्या बोटांनी मोडायच्या. मेपलला लोखंड सोसत नाही, हे त्यांचं ठाम मत. नवरा गेला त्या हिवाळ्यातही शिडी लागलीच. मी त्यांची थट्टा करायचो, पण नोव्हेंबरअखेर ते झाड लाल झालं की मीच झाडू टाकून बघत राहायचो. नखाएवढ्या बियात हे सगळं कुठे मावलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

यंदा त्यांच्या शेजारच्या दुमजली घरात उत्तरेकडच्या बर्फाळ होक्काइदोहून चिनात्सु नावाची तरुणी राहायला आली. पानगळ सुरू झाली त्या सकाळी तिने आपलं दार झाडलं आणि न थांबता तोकिकोबाईंचंही, पार कोपऱ्यापर्यंत!

हा टोमणा आपल्या पानांवरच, असं धरून तोकिकोबाई मिठाईचा डबा घेऊन तिची माफी मागून आल्या. चेहरा एवढासा झाला होता.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही, नुसती हसली. म्हणजे फारच वैतागलीय. परवा माळ्याला बोलावलंय, बुंध्यातून कापायला."

"वेड लागलंय का तुम्हाला? तिला सरळ विचारा की!"

"तोंडावर? तुम्ही क्योतोचेच ना हो?"

मला राहवेना. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या दारात जाऊन सरळ प्रश्न विचारला. चिनात्सु माझ्याकडे बघतच राहिली.

"पानांचा त्रास? अहो, आमच्याकडे बर्फ असाच काढतात. घरात एकटं वयस्कर माणूस असलं की आधी त्यांच्या दारातला. आणि झाड कापायचं म्हणजे? ते बघूनच मी हे घर घेतलं!"

ती तशीच पलीकडे गेली. तोकिकोबाई नको नको म्हणत असताना त्यांचा हात धरून तिने त्यांना आपल्या माडीवर नेलं. मीही मागोमाग गेलो. तिने खिडकी सरकवली.

आम्ही दोघांनी ते झाड आजवर खालूनच पाहिलं होतं. आता ते आमच्या पायांखाली पसरलं होतं. पानांच्या थरांवर थर, एका वळचणीपासून दुसरीपर्यंत, आणि सगळ्यावर सकाळचं ऊन. वारा आला की अख्खा लाल रंग सावकाश हलायचा.

तोकिकोबाई खिडकीशी गुडघ्यांवर बसल्या.

"हे माझं झाड?" त्यांनी हळूच विचारलं.

माळ्याला फोन मीच केला. परत आलो तरी त्या तिथेच बसून होत्या, डोळे भरलेले. चिनात्सुने चहा पुढे ठेवला, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी चिनात्सुकडे मान वळवली.

"उद्या पण येऊ का गं?"